हातमोज्यांतली माय

मुरुड,
३ डिसेंबर २०२३

ग्यानबा, शरणु शरणार्थी.

फोन उचलत नाहीस म्हणून कागद हातात घेतला. इतक्या वेळा रिंग दिली की आमच्या कमलम्माला वाटलं, म्हातारपणी मी कुणा बाईच्याच मागं लागलोय. भोकरला शेतावर रेंज नसते हे कबूल, पण आता म्हणे तू नांदेडला पोराकडं आहेस. तिथं काय अडचण आली?

कारण तसंच आहे. आपला लाल जिन्याचा पिक्चर सापडला. माझ्या पुतण्यानं, वीरेशनं, कुठून तरी मिळवून पेनड्राइव्हवर आणून दिला. अगदी धुवून इस्त्री केल्यासारखा. आपल्या व्हिडिओ सेंटरातली कॅसेट झिजून झिजून बायकांची तोंडं निळी पडली होती, आठवतं ना? आणि शेवटाकडं, ती पोरगी जिना चढून दार उघडते, तिथं कॅसेटला बुरशी धरलेली. पडदा काळा व्हायचा, नुसते पट्टे पळायचे. भाषा इटलीची, कुणाला ओ की ठो कळायचं नाही. म्हणून तू टीव्हीशेजारी स्टुलावर बसून माइकवर मराठीत गोष्ट सांगायचास. आमच्या अडतीवर तोलाईला आलेला पोरगा तू, पण सेंटरात आलास की तुझाच रुबाब.

आता खरी गोष्ट ऐक. वीरेशनं खाली अक्षरं लावून दिली, त्यावरून सगळा उलगडा झाला. काळे हातमोजे घालून खून करणारा कोण, तर कुलपं दुरुस्त करणारा एक टकल्या. का केले खून? कारणच नाही. पिक्चर संपला तरी नाही. आणि तू काय सांगायचास? म्हणे ती पोरीची माय आहे. तिचे हात भाजलेत, लेकीला दिसू नयेत म्हणून हातमोजे घालती, लेकीला घरी न्यायला आलीय आणि मधे येईल त्याला मारती. त्या काळ्या पट्ट्यापाशी तर आवाज खाली आणून म्हणायचास, "आता माय हातमोजे काढती बघा." दिसायचं काहीच नाही, पण अख्खं सेंटर नाक ओढायचं. खुनाच्या पिक्चरला रडणारं गाव जगात आपलं एकच असेल. स्वच्छ प्रिंटमध्ये त्या जागी काय आहे सांगू? टकल्या दारात उभा राहून हसतो. हातमोजे हातातच.

पण ग्यान्या, रंग काय सांगू तुला. जिना कुंकवासारखा लाल. खिडकीतून हिरवा उजेड येतो, तो कुठून येतो ते विचारायचं नाही. एक बाई नुसती चालत जाते आणि आपल्याला घाम फुटतो. त्या इटलीवाल्यांना गोष्ट सांगायचीच नव्हती, त्यांना दाखवायचं होतं. हे मी तेव्हाच म्हणायचो. आणि तू इतकी वर्षं त्यावर बोलत बसलास, बासुंदीवर पिठलं ओतावं तसं.

कबूल कर आणि कळव.

तुझा,
अमृतराव


नांदेड,
१४ डिसेंबर २०२३

आप्पा, रामराम.

फोन उचलत न्हाई कारण घसा बसलाय. थंडी बाधली, दुसरं काय. सून बोलू देत न्हाई, म्हणून लिहून राहिलो. तुझं पत्र वाचून लई हसलो. हसलं की खोकला येतोय, तवा पुढच्या पत्रात जरा बेतानं लिही.

टकल्याचं ऐकून वाईट वाटलं. एवढा खर्च करून पिक्चर काढला आणि शेवटाला कुलूपवाला? त्याच्यापेक्षा आपल्या बसस्टँडवरचा किल्ल्या करणारा बरा, त्याला तरी काही कारण असतंय.

तू रंग रंग करून राहिलास. तुला रंग दिसणारच, आप्पा. तुझ्या बापाची अडत होती, तू गल्ल्यामागं बसून पिक्चर बघायचास. मी लोकांकडं तोंड करून बसायचो. मलप्पा हमाल दिवसभर पोती वाहून यायचा आन् पहिल्या रांगेत खाली बसायचा. त्याला काय सांगू मी, की बाबा, हा माणूस बिनकारणाचा खून करून राहिला? बिनकारणाचं तर त्याच्या घरी रोजच चालायचं. माणूस तिकीट काढून येतो ते कारण ऐकायला. त्या इटलीवाल्यानं सदरा लई झ्याक शिवला, पण बटणं न्हाई लावली. ती मी लावली. बिनबटणाचा सदरा घालून मलप्पा घरी कसा जाणार?

आणि पिठलं म्हणू नको. पिठल्यावरच आपण मोठे झालो.

एक सांगतो. परवा अंगणात बसलो होतो, तर तो पिक्चर सुरवातीपासून आठवला. तळ्याकाठचं घर, पोरगी बॅग घेऊन उतरती, सगळं. एक डाव परत सांगावं वाटतंय. टीव्ही चालू असावा, समोर चार माणसं असावीत, मी स्टुलावर. घसा सुटला की बघू.

कमलम्मा वहिनीला नमस्कार सांग.

ग्यानोबा


मुरुड,
२८ डिसेंबर २०२३

ग्यानबा,

घसा बसला म्हणे. चांगलं झालं, त्यालाही कधीतरी सुट्टी पाहिजे. पण मला शेंडी लावू नको. तू रुसलायस. टकल्याचं बोललो ते तुला लागलं, म्हणून फोनवर आवाज ऐकवायचा नाही असं ठरवलंयस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. अडतीवर आमचे वडील तुला रागावले की तू दोन दिवस मुका व्हायचास आणि काटा बघायला कुणी नसायचं.

ऐक, मी एक बेत केलाय. महाशिवरात्रीनंतर दुकानाच्या माडीवर लाल जिन्याचा खेळ लावणार. मोठा पडदा, अंधार, नीट आवाज. मलप्पा अजून आहे, गुरुलिंग आहे, चहावाली तारामती आहे. सगळ्यांना बोलावतो. मात्र या खेपेला माइक नाही. लोकांना नुसता पिक्चर बघू दे. तूही ये, पहिल्या रांगेत बस आणि जन्मात एकदा तोंड बंद ठेवून बघ. मग सांग मला, गोष्ट लागते का.

येणार असशील तर लिही. रुसवा सोड.

अमृतराव


नांदेड,
९ जानेवारी २०२४

अमृतकाका, नमस्कार.

मी सुकन्या, आदिनाथची बायको. बाबांना न सांगता लिहीत आहे. तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये आहे, पण फोनवर मला हे बोलता येणार नाही.

बाबांना घशाचा कॅन्सर आहे. दिवाळीच्या आधीच कळलं. आवाजाची पेटी काढावी लागेल असं इथले डॉक्टर म्हणतात. ऑपरेशन ७ फेब्रुवारीला ठरलं आहे. नंतर गळ्याला भोक राहणार, त्यातूनच श्वास. बोलणं नाही. बाबांनी तुम्हाला कळवू दिलं नाही. म्हणाले, आप्पाला माझा आवाज तसाच आठवू दे. तुमचं मागचं पत्र मात्र त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं आणि "तोंड बंद ठेवून बघ" इथं आल्यावर ते हसले. मला हसता आलं नाही.

काका, रागावून लिहीत नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं.

एक मागणं आहे. ती मायची गोष्ट त्यांना एकदा सांगायची आहे. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहिलं. दोन वाक्यं बोलले आणि थांबले. म्हणाले, पुढं पिक्चर हलत नाही आणि समोर तोंडं नाहीत, मी कुणाला सांगू? म्हणून म्हणते, तुम्ही तो पेनड्राइव्ह घेऊन या. आमच्याकडं टीव्ही आहे. शेजारची चार माणसं मी बसवते. आवाज रोज थोडा थोडा कमी होत आहे, त्यामुळं लवकर आलात तर बरं.

तुमची,
सुकन्या


मुरुड,
१५ जानेवारी २०२४

ग्यानबा,

सुनेवर रागावू नको, तिनं मला लिहिलं. बरं झालं लिहिलं. तू मेल्या, मला परका केलास. पत्र वाचलं आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी आत जाऊन पोत्यावर बसलो. मी काय काय लिहून गेलो तुला. ते सगळं फाडून टाक.

आता ऐक. तू सांगणार आणि मी ऐकणार. पण तुझ्या पोराचा टीव्ही मी नातवाच्या बारशाला आलो तेव्हा पाहिलाय. त्यात लाल रंग विटकरीसारखा दिसतो आणि रात्रीचा सीन आला की नुसती काजळी. तुझा शेवटचा खेळ तसा व्हायचा नाही. मी लातूरहून प्रोजेक्टर आणतो, पडदा नवा शिवून घेतो. मलप्पा, गुरुलिंग, तारामती, सगळ्यांना जीपमध्ये घालून आणतो. माइक पण आणतो, जुन्यासारखा, लोखंडी दांडीचा. रविवार, ४ फेब्रुवारी. ऑपरेशनच्या आधी. मुरुडला व्हायचा तसा खेळ होईल, त्याहून चांगला होईल.

तोवर बोलू नकोस. आवाज साठवून ठेव.

अमृत


नांदेड,
२१ जानेवारी २०२४

आप्पा,

टीव्ही चालतंय. विटकरी तर विटकरी.

सकाळी गरम पाणी पिलं की थोडा आवाज येतोय, फाटक्या गोणीतून वारा आल्यागत. दुपारच्याला जातोय. साठवायला आवाज म्हणजे काय ज्वारी हाय का? लवकर ये. पडदा नको, जीप नको, माइक नको. पेनड्राइव्ह खिशात घाल आन् एसटीत बस. सून, पोरगा, शेजारचा एक सरदारजी हाय, तो पण बसतो म्हणाला. बास हाय तेवढं.

ये रे.

ग्यानोबा


मुरुड,
२७ जानेवारी २०२४

ग्यानबा,

निघालोच होतो, पण पहिला प्रोजेक्टर फसवा निघाला. लाल जिना त्यात गुलाबी पडला, लग्नाच्या मांडवासारखा. परत लातूरला गेलो. पडद्याच्या कापडातही निळीची झाक होती, म्हणून ते बदलायला टाकलं. दुसरा प्रोजेक्टर शुक्रवारी मिळतो. रविवारी दुपारी पोचतोच आम्ही. मलप्पानं नवं धोतर काढून ठेवलंय.

तू सांगशील तेव्हा मागं रंग पण तसाच पाहिजे की नाही? आयुष्यभर आपण दोघं भांडलो, एकदा दोन्ही गोष्टी एकत्र होऊ देत. आठच दिवस थांब.

अमृत


मुरुड,
१४ मार्च २०२४

ग्यानबा,

समोर असताना काही बोललो नाही, म्हणून लिहितो.

त्या शुक्रवारी सुकन्येचा फोन आला तेव्हा मी लातूरला पडदेवाल्याच्या दुकानात कापड उजेडात धरून बघत होतो. जेवताना तुझा श्वास अडकला, दवाखान्यात नेऊन डॉक्टरांनी तिथल्या तिथं गळ्याला भोक पाडलं, आवाज गेला, असं ती एका दमात म्हणाली. माझ्या हातात कापड तसंच होतं. दुकानदार विचारत होता, मालक, हे पांढरं चालेल का?

रविवारी जीप भरून आलो तरी. वॉर्डात एकालाच सोडत होते. मलप्पा नवं धोतर नेसून खाली पायरीवर बसला होता. तू माझ्याकडं बघून गळ्याच्या नळीवर बोट ठेवलंस आणि मग हात हलवलास, जाऊ दे म्हणून. मला तो हात रोज दिसतो. तू नुसतं ये म्हणाला होतास. मी रंग जुळवत बसलो.

परवा तुझ्या घरी खेळ लावला तो सुद्धा माझ्याच हट्टानं. सुकन्या नको म्हणत होती. मला वाटलं, तुला बरं वाटेल. खरं सांगायचं तर मलाच बरं वाटायला पाहिजे होतं. पडदा कसा लागला होता, पाहिलंस. असला लाल मी जन्मात पाहिला नाही. सगळं मला पाहिजे तसं झालं. तू गळ्याला टॉवेल गुंडाळून पहिल्या खुर्चीवर, मागं आम्ही. जिना आला, हिरवा उजेड आला, हातमोजे आले. आणि कुणालाच काही झालं नाही. गुरुलिंग बिडी ओढायला उठला तो परत आला नाही. तारामतीनं मला हळूच विचारलं, यातली माय कोणती? मला दाखवता येईना. शेवटी टकल्या हसला तेव्हा मलप्पा म्हणाला, "हा कोण हाय? हा आपल्या पिक्चरात नव्हता." मी तुझ्याकडं पाहिलं. तू पडद्याकडं बघत नव्हतास, लोकांच्या तोंडाकडं बघत होतास, स्टुलावर बसल्यासारखा मान वळवून.

मी हरलो, ग्यानबा. आता एकच कर. ती गोष्ट कागदावर उतरवून दे. मी माइकवर वाचतो. माझा आवाज फुटक्या घागरीसारखा आहे, पण वाचतो. आणि ती माय तू कुठून आणलीस, ते पण लिही. इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही मी.

अमृत


नांदेड,
२ एप्रिल २०२४

आप्पा,

हरलो बिरलो म्हणू नको. पडदा चांगला होता.

लिहायला बसलो होतो. "एक माय होती" एवढं झालं. पुढं न्हाई. मला गोष्ट कधी पाठ नव्हतीच. समोरच्याचं तोंड बघून सांगायचो. कुणाचं पोरगं परगावी गेलं असंल त्या दिवशी माय लांबून चालत यायची. कुणी भांडून आलं असंल तर ती दोन जास्त माणसं मारायची. कागदाला तोंड न्हाई. तू वाचशील, पण काय वाचशील?

माय कुठून आणली इचारलंस. माझी माय, नागुबाई. तू तिला पाहिली न्हाई. भोकरकडं एका गुऱ्हाळात कढईवर असायची. मी लहान असताना उकळता रस हातावर सांडला. नंतर जन्मभर ती मला ताट वाढायची आन् ताट सरकवून हात पदराखाली घ्यायची. मी कधी दाव म्हणलो न्हाई, तिनं कधी दावले न्हाईत. ती गेली तवा मी तुझ्या अडतीवर पोती तोलत होतो. कॅसेट काळी व्हायची ना, त्या जागी मी तिचे हात बघायचो. पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं, माय हातमोजे काढती. बघतो तर मलप्पा रडून राहिला. मग ते तसंच ऱ्हायलं.

तुझ्या त्या धुतलेल्या पिक्चरात तेवढी जागाच न्हाई. तिथं टकल्या हाय.

डॉक्टरानं पोराला बाजूला घेऊन सांगितलं. आवाजाची पेटी काढली तरी छातीत उतरलंय म्हणे. मला दारातून ऐकू आलं. आवाज गेला, कान शाबूत हायत.

तवा एक काम कर. वीरेशला सांग, टकल्याची जागा काळी कर म्हणावं. नुसती काळी. आन् लगेच पाठव, ह्या टीव्हीवर लावतो. बाकीचा लाल कसाबी असू दे.

ग्यानोबा


मुरुड,
६ मे २०२४

ग्यानबा,

सोबत पेनड्राइव्ह आहे. काळा पट्टा बसवलाय. उशीर झाला खरा. वीरेशनं आधी केलं ते कोळशासारखं ठार काळं होतं. मी म्हटलं, आपल्या कॅसेटचं काळं असं नव्हतं, त्यात राखाडी पट्टे पळायचे, थोडे वाकडे. लातूरच्या एका पोराकडून ते परत करून घेतलं. आता बघ, डोळे मिटून आठवलं तर सेंटरातच बसल्यासारखं वाटेल.

कमलम्माचा गुडघा धरलाय, म्हणून लगेच निघता येत नाही. पुढच्या सोमवारी येतो. तोवर तू आपला बघून घे. माय भेटू दे तुला.

अमृत


नांदेड,
२४ मे २०२४

अमृतकाका, नमस्कार.

बाबा ९ तारखेला गेले. फोनवर बोललोच, तुम्ही दहाव्याला आलात, तेव्हा हे सांगायचं राहिलं.

पार्सल ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. घर माणसांनी भरलेलं होतं, मी ते कपाटावर ठेवलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोनदा दाराकडं बोट केलं होतं. मला वाटलं, पाणी पाहिजे. पार्सल आलं तेव्हा कळलं, पोस्टमन आला का विचारत होते. हे तुम्हाला सांगू नये असं आदिनाथ म्हणाले. पण तुमच्याशिवाय कुणाला सांगू? मला एकटीला ते घेऊन राहवत नाही.

काल दुपारी आम्ही पिक्चर लावला. आम्ही दोघं आणि शेजारचे सरदारजी. बाबांची खुर्ची तिथंच होती, कुणी तिच्यात बसलं नाही. सरदारजींना बाबांनी पाटीवर लिहून लिहून थोडं सांगितलं होतं, ते मधूनच विचारायचे, वो माँ आ गयी क्या? मी म्हणायचे, अजून नाही. आमच्या टीव्हीत लाल खरंच विटकरी दिसतो, तुमचं बरोबर होतं.

मग ती मुलगी जिना चढली, दाराला हात लावला आणि पडदा काळा झाला. राखाडी पट्टे पळायला लागले, थोडे वाकडे, तुम्ही लिहिलंत तसे. मी वाट बघत राहिले. कशाची, ते मलाच कळलं नाही. आदिनाथ उठले आणि टीव्हीच्या मागं जाऊन वायर हलवून बघायला लागले. मी म्हटलं, "बसा, टीव्ही चालू आहे." ते तसेच वायर धरून उभे राहिले. मग पट्टे थांबले आणि जिना परत आला.

पेनड्राइव्ह परत पाठवत आहे.

तुमची,
सुकन्या